सतरावी नोंद

"म्याडम, माझं ते भनीचं वाक्य तेवढं काढून टाका."

यमुनाबाई दारातच उभ्या होत्या. होस्टेलच्या मेसमधून तशाच आल्या असाव्यात, कोपरापर्यंत पीठ होतं. मी खोली क्रमांक दोनमध्ये गुडघ्यांवर बसून दोन खुर्च्यांमधलं अंतर टेपनं मोजत होते. तिन्ही खोल्यांत ते नव्वद सेंटिमीटर हवं होतं. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

"आता कसं काढणार, मावशी? छापून झालंय सगळं."

"चार महिने झाले पाठ करून. एक पोरगं विचारत न्हाई. आपलं तोंडात तसंच राहतंय."

"उद्या विचारतील कुणीतरी."

"मग तर काढाच," त्या म्हणाल्या.

मी हसले. वाटलं, गंमत करतायत. टेप गुंडाळला आणि तिसऱ्या खोलीत गेले.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झालेली आणि त्याआधी दोनदा मेडिकलची प्रवेशपरीक्षा देऊन दोन्ही वेळा मागे राहिलेली. दुसऱ्यांदा चार गुणांनी. कृष्णाकाठच्या एका मेडिकल कॉलेजात नोकरी मिळाली, ती एका परदेशी प्रकल्पावर. तीन देशांतल्या विद्यापीठांनी मिळून तो सुरू केला होता. डॉक्टर कुठेही शिकला तरी त्याची परीक्षा एकाच मापानं व्हावी, असा त्यांचा प्रयत्न होता. आपल्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे नशीब. एकाच्या वाट्याला वॉर्डातला बोलका, सोपा रुग्ण येतो, दुसऱ्याच्या वाट्याला कण्हणारा. त्यावर त्यांचा उपाय असा, की बाहेरची साधी माणसं घ्यायची, त्यांना रुग्णाची भूमिका शिकवायची आणि प्रत्येक विद्यार्थ्यासमोर त्यांनी ती अगदी तशीच करायची. तेच दुखणं, तीच उत्तरं, त्याच जागी थांबणं.

मेडिसिनचे हळबे सर या प्रकल्पाचे आमच्याकडचे प्रमुख होते. ते म्हणायचे, "इतकी वर्षं आम्ही खऱ्या रुग्णांवर खोटी परीक्षा घेतली. आता ही उगले खोट्या रुग्णांवर खरी परीक्षा घेणार."

उगले म्हणजे मी. शलाका उगले. मला पांढरा ॲप्रन मिळाला होता. कॉरिडॉरमधून जाताना रुग्णांचे नातेवाईक विचारायचे, "डॉक्टर, एक्स-रे कुठं काढतात?" मी एक्स-रेची खोली दाखवायची. मी डॉक्टर नाही, हे मात्र कधी सांगायची नाही.

अशा परीक्षेच्या प्रत्येक टप्प्याला स्टेशन म्हणायचे. माझ्याकडे त्यातलं एक होतं. पोटदुखीची बाई. पंचेचाळिशीची, तीन महिन्यांपासून पोटात दुखतंय, औषधांनी तात्पुरतं थांबतं. विद्यार्थ्याकडे सात मिनिटं. तिची खरी भीती वेगळी असते आणि ती आपण होऊन सांगत नाही. विद्यार्थ्यानं भराभर हो-नाहीचे प्रश्न विचारले तर ती फक्त हो-नाही म्हणते. त्यानं जर मोकळा प्रश्न विचारला, म्हणजे तुम्हाला स्वतःला काय वाटतंय, कसली काळजी आहे का, असा, तर तिनं खाली बघायचं, मनात तीन आकडे मोजायचे आणि म्हणायचं, "माझी थोरली भन अशीच पोटात दुखून गेली. शेवटपर्यंत कुणाला बोलली न्हाई." माझ्या तक्त्यात हा अकरावा मुद्दा होता.

ही भूमिका तिघीजणी करणार होत्या, तीन खोल्यांत. पुष्पाताई निवृत्त शिक्षिका होत्या, शकिलाभाभी शिवणकाम करायच्या आणि यमुनाबाई शिंगटे होस्टेलच्या मेसमध्ये चपात्या लाटायच्या. स्टेशन लिहायच्या आधी मी या तिघींना मेसमागच्या ओट्यावर बसवून विचारलं होतं की अशा बाईच्या मनात काय असेल. पुष्पाताई म्हणाल्या, ऑपरेशनची भीती. शकिलाभाभी म्हणाल्या, घरचं कोण बघणार. यमुनाबाई सगळ्यांत शेवटी म्हणाल्या, "भन गेली आसंल तिची. तसं लिवा." मला ते फार आवडलं. मी तिथेच वहीत उतरवलं.

तालमीत मी विद्यार्थी व्हायची. "कसली काळजी वाटते का, मावशी?" असं मी विचारलं की यमुनाबाई खाली बघून, तीन मोजून, पाढा म्हणावा तसं ते वाक्य म्हणायच्या. तिघींत सगळ्यांत काटेकोर त्याच होत्या. मी त्यांच्यापुढे पूर्ण गुण लिहायची. सरावाला आलेले विद्यार्थी मात्र त्यांच्या खोलीत कधी अकराव्या मुद्द्यापर्यंत पोचलेच नाहीत. जेवणानंतर का जेवणाआधी, उलटी, ताप, वजन, पाळी, चला पोट बघू. घंटा.

या सगळ्यात माझं एक काम अडकलेलं होतं. डॉ. मारिके हॉलंडहून शेवटची चाचणी बघायला येणार होत्या. ज्या स्टेशनच्या प्रत्येक मुद्द्यावर, लिहिलेलं आणि प्रत्यक्ष घडलेलं यांचा तिन्ही खोल्यांतला मेळ नव्वद टक्क्यांच्या वर येईल, ते स्टेशन तिन्ही देशांत वापरलं जाणार होतं आणि ते लिहिणाऱ्या एका व्यक्तीला त्यांच्या विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला जागा मिळणार होती. एकच जागा. आमच्याकडची बाकीची दोन स्टेशनं परीक्षेत होती, पण आधीच्या चाचणीत त्यांचा मेळ बसला नव्हता. हळबे सरांनी मला सरळ सांगितलं होतं, "तुझं टिकलं तर तू जाशील. मेडिकलच्या दारातून नाही, पण खिडकीतून आत येशील."

ती खिडकी मला हवी होती. किती हवी होती ते मी घरीसुद्धा बोलले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेनऊला पहिली घंटा झाली. प्रत्येक खोलीत बावीस विद्यार्थी एकामागून एक येणार होते. मी बाजूच्या लहान खोलीत कानाला हेडफोन लावून पडद्यावर खोली क्रमांक दोन बघत होते; सगळं रेकॉर्डही होत होतं. एक आणि तीनकडे इतर दोघं होते. मारिके मधूनमधून येऊन उभ्या राहायच्या, काही न बोलता जायच्या. उंच, पन्नाशीच्या, कायम एक छोटी वही हातात. दोन-तीन मराठी शब्द शिकल्या होत्या आणि ते यमुनाबाईंवर वापरायच्या. "छान छान," त्या सकाळी म्हणाल्या होत्या. यमुनाबाई म्हणाल्या, "बाई गोरी हाय पण गुणाची हाय."

सोळा विद्यार्थी झाले. यमुनाबाई घड्याळासारख्या चालल्या होत्या. अकराव्या मुद्द्यापुढे सोळा रिकाम्या चौकटी होत्या, कारण कुणी विचारलंच नव्हतं. न विचारल्यास रुग्णाचा दोष नव्हता, त्या नोंदी हिशेबात धरायच्या नव्हत्या.

सतरावा विद्यार्थी आला. आम्हाला नावं माहीत नसायची, छातीवर फक्त नंबर. सडपातळ, सावळा, ॲप्रन एक माप मोठा. बसताना त्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली. गेले माझे नव्वद सेंटिमीटर, असं मनात आलं. तो सावकाश विचारत होता. इतका सावकाश, की मला पेन्सिल आपटावीशी वाटली. चार मिनिटं झाली तरी त्यानं वजनाचं विचारलं नव्हतं, शौचाचं विचारलं नव्हतं. माझ्या तक्त्यात त्याचे शून्यच जास्त होते.

मग त्यानं पेन खिशाला लावलं.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्हाला स्वतःला काय वाटतंय? काय असंल हे?"

मी खुर्चीत ताठ झाले. अकरा! शेवटी कुणीतरी विचारलं होतं. पेन्सिल चौकटीवर ठेवली.

यमुनाबाईंनी खाली बघितलं. एक. दोन. तीन.

चार, पाच, सहा.

मी मोजतच राहिले. तो मुलगा काही बोलला नाही. दुसरा प्रश्न विचारला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. नुसता बसला होता, हात मांडीवर ठेवून. वीस. तीस. यमुनाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते बोटाला गुंडाळायला लागल्या. असं काही लिहिलेलं नव्हतं. "भन..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. तोंडावर पदर गेला. खांदे हलायला लागले. रडायचं नाही, हे तर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. रडणं दर वेळी सारखं करता येत नाही म्हणून.

तो मुलगा तरीही गप्पच होता. फक्त थोडा पुढे झुकला.

घंटा झाली.

तो उठला नाही. मी दारावर टकटक केली, तेव्हा उठला. बाहेर आला तो पुढच्या स्टेशनकडे न जाता सरळ माझ्याकडे.

"मॅडम, त्या बाईंना काहीतरी सांगायचंय. मला दोन मिनिटं परत जाऊ द्या."

"सतरा नंबर, तुमची वेळ संपली. पुढच्या स्टेशनला जा."

"माझे मार्क कापा, मॅडम. पण त्या खऱ्या रडतायत."

कॉरिडॉरच्या टोकाला मारिके उभ्या होत्या, पाठमोऱ्या. अठरा नंबर दारापाशी येऊन थांबला होता. माझ्याकडे दोन मिनिटं होती.

"तसंच लिहिलंय," मी म्हणाले. "भूमिकेतच आहे ते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखादा अहवाल वाचून तो बरोबर आहे का असा विचार करावा, तसं.

"मग फार चांगलं लिहिलंय तुम्ही," तो म्हणाला आणि गेला.

मी खोलीत गेले. यमुनाबाई डोळे पुसत होत्या.

"मावशी, वाक्य विसरलात का?"

"न्हाई वं."

"मग?"

"त्यो गप बसला, म्याडम. कुणी गप बसत न्हाई."

बाहेर अठरा नंबर होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"अजून पाच राहिलेत. जमेल ना?"

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग पाणी प्यायल्या, पदर सारखा केला आणि दोन्ही हात पोटावर धरले, जसे मी शिकवले होते.

"जमंल," त्या म्हणाल्या. आणि पाचही जणांना त्यांनी तीच बाई दाखवली. एका सेकंदाचाही फरक नाही.

दुपारी आकडे मांडले. तिन्ही खोल्या मिळून सहासष्ट विद्यार्थी. त्यांतल्या फक्त सहाजणांनी मोकळा प्रश्न विचारला होता. पाच वेळा रुग्ण बाईनं लिहिलेलं वाक्य म्हटलं. सहाव्या वेळी नाही. सहापैकी पाच म्हणजे त्र्याऐंशी टक्के. ती सतरावी नोंद काढली, तर पाचपैकी पाच. शंभर.

नोंद वगळायची सोय होती. तक्त्याच्या तळाशी तीन कारणं छापलेली होती: विद्यार्थ्याचं गैरवर्तन, रुग्ण-पात्राची चूक, तांत्रिक अडचण. पात्राची चूक म्हटलं, तर नोंद वगळली तरी ती चूक मेळाच्या हिशेबात धरली जात होती. गैरवर्तन म्हटलं, तर त्या मुलाची चौकशी झाली असती. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढे लिहिलं, 'आवाज नीट आला नाही.' चांगल्या अक्षरात लिहिलं. रेकॉर्डिंग सर्व्हरवरून काढलं आणि माझ्या पेनड्राइव्हवर ठेवलं.

"सतराचं काय?" मारिकेंनी विचारलं.

"माइक," मी म्हणाले.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. हळबे सर शेजारी बसले होते. "माइक," ते पुन्हा म्हणाले, कुणालाच न उद्देशून, आणि चष्मा पुसायला लागले.

पाच वाजता मारिकेंनी माझ्या प्रवेशाच्या पत्रावर सही केली.

तीन आठवड्यांनी निघताना मी मेसमध्ये पेढे घेऊन गेले. यमुनाबाई तव्यापुढे होत्या. पेढा त्यांनी पिठाच्या हातानं न घेता तोंड पुढे केलं, मी भरवला. "लांब जाताय. आईचं जेवण आठवंल," त्या म्हणाल्या. "त्या गोऱ्या बाईला आमचा रामराम सांगा." शेजारी चपात्यांची चळत वाढत होती. मी अजून थोडा वेळ उभी राहिले. विचारायचं होतं. पण प्रश्न विचारला तर थांबावं लागलं असतं, आणि माझी गाडी सहाला होती.

तिकडे मी एक वर्षासाठी गेले आणि पाच वर्षं राहिले. अभ्यास झाला, नोकरी मिळाली. कालव्यांचं शहर, सायकली, आठ महिने थंडी. माझं काम म्हणजे तरुण डॉक्टरांना रुग्णाशी बोलायला शिकवणं आणि त्याची मापं तयार करणं. माझं एक व्याख्यान तिथे बऱ्यापैकी नावाजलं गेलं. प्रश्न विचारल्यानंतर डॉक्टर सरासरी किती सेकंद थांबतो, त्याबद्दलचं. आकडा अगदी लहान आहे. मी तो फळ्यावर लिहायची आणि म्हणायची, आता आपण चाळीस सेकंद गप्प बसू. वर्गात खुर्च्या कुरकुरायच्या, कुणी खोकायचं. विद्यार्थ्यांना वाटायचं, मी घड्याळ बघतेय. मी कुठेच बघत नसायची.

पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात होता. त्यातली फाइल सात मिनिटं बारा सेकंदांची. सुरुवातीला मी ती महिन्यातून एकदा बघायची, मग जास्त. आवाज स्वच्छ आहे तिच्यात. पंख्याचा, बाहेरच्या ट्रॉलीचा, पदर ओढल्याचासुद्धा. 'भन' हा शब्द आहे, आणि मग श्वास. मी तो श्वास इतक्यांदा ऐकला, की पुढे एखादा शब्द सुरू होतोय असं वाटायला लागलं. कधी तो 'तिला' वाटायचा, कधी 'मी'. वेग कमी करून ऐकलं. माझ्यासारखी मापं घेणारी मुलगी दुसरं काय करणार? पण शब्द नव्हताच तिथे. मला हवा होता म्हणून ऐकू येत होता.

मागच्या जानेवारीत सुट्टी घेऊन आले. घरी दोन दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजला गेले. हळबे सर निवृत्त होऊन पुण्याला गेलेले. आमच्या तीन खोल्यांच्या जागी आता दहा खोल्यांचं नवं केंद्र झालंय, दारावर काचा आहेत. मेसमध्ये नवी यंत्रं. एका बाईंनी सांगितलं, "यमुनाबाई? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अंग लुळं पडलं एका बाजूनं. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात होत्या, कोळेकर डॉक्टरांच्याकडं. त्यांनी लय केलं त्यांचं."

निकालाच्या यादीत सतरा नंबरपुढचं नाव मी तेव्हाच बघितलं होतं, कोळेकर. गाव बावीस किलोमीटरवर होतं. एसटीनं गेले.

ग्रामीण रुग्णालयाच्या पडवीत गर्दी होती. मी आत निरोप पाठवला. दोन रुग्णांच्या मध्ये कोळेकर डॉक्टर बाहेर आले. ॲप्रन आता मापाचा होता. मी त्यांना लगेच ओळखलं, आणि त्यांनीही.

"तुम्ही परीक्षेच्या मॅडम," ते म्हणाले. "मी सतरा नंबर. आदिनाथ कोळेकर."

कडुनिंबाखाली एक बाक होता, तिथे बसलो. मी प्रवासभर वाक्य जुळवत आले होते, ते सरळ म्हटलं.

"ते लिहिलेलं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"माहितेय मला. त्याच संध्याकाळी कळलं."

"कसं?"

"मेसच्या मागं गेलो. त्या कणीक मळत होत्या. म्हटलं, मावशी, सकाळचं राहिलंय आपलं. त्या म्हणाल्या, आधी हात धू, लाटणं घे. दोनशे चपात्या होत्या करायच्या." ते हसले. "माझ्या पार नकाशासारख्या होत होत्या. त्या लाटत होत्या आणि सांगत होत्या. शेवटची चपाती झाली तेव्हा सांगून झालं."

"बहिणीबद्दल?"

"हो."

झाडाखाली वारा नव्हता. पडवीत कुणाचं तरी लहान मूल रडत होतं.

"मला सांगाल?" मी विचारलं.

त्यांनी पडवीकडे बघितलं. मला वाटलं, आठवतायत.

"नाही, मॅडम."

"त्या आता नाहीत, डॉक्टर. आणि माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही."

"म्हणून काय झालं?"

"त्या तुमच्या पेशंट नव्हत्या तेव्हा. तुम्ही विद्यार्थी होता. परीक्षा होती ती."

"तुमची होती," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग पुढे म्हणाले, "त्यांनी मला सांगितलं. माझ्यापाशी ठेवायला सांगितलं. बास."

मी पर्स उघडली आणि पेनड्राइव्ह बाकावर ठेवला.

"हे काय?"

"त्या दिवसाचं रेकॉर्डिंग. खराब झालं असं मी लिहिलं होतं. खराब नव्हतं झालं."

"पाच वर्षं तुमच्याकडं?"

"हो."

"त्यांना माहीत होतं का?"

"नाही."

त्यांनी तो हातात घेतला नाही. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघत होते, तसेच हात मांडीवर ठेवून, किंचित पुढे झुकून. मी हा माणूस पडद्यावर शेकडो वेळा बघितला होता. तो दुसऱ्या बाजूनं कसा दिसतो, ते मात्र तेव्हा कळलं. एक, दोन, असं मोजायला मी सुरुवात केली, पण पाचाच्या पुढे जाता आलं नाही.

"डॉक्टर," पडवीतून नर्सनं हाक मारली. "वाफ द्यायचीय त्या बाळाला."

"आलो," ते म्हणाले. उठताना जरा घुटमळले. "मॅडम, तुम्हाला काही सांगायचं असेल तर थांबा. एक वाजेपर्यंत ओपीडी आहे. पण मधे घेता येणार नाही. लोक सकाळपासून बसलेत."

ते आत गेले. मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. परतीची एसटी साडेअकराला होती, फाट्यावर ती येताना दिसतही होती.

मी केसपेपरच्या खिडकीपाशी गेले. आतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "नाव?"

"शलाका उगले."

"वय?"

"अठ्ठावीस."

"काय होतंय?"

मागच्या माणसानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"ताई, मला लिवावं लागतं काहीतरी."

"डॉक्टरांना सांगते," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं, मग केसपेपरवर त्या जागी एक आडवी रेघ मारली आणि कागद माझ्या हातात दिला. "चव्वेचाळीस नंबर. तिकडं बसा."

बाकावर एका म्हातारीनं सरकून जागा दिली. तिचा नंबर एकोणचाळीस होता.

"लय येळ लावतो ह्यो डॉक्टर," ती म्हणाली. "एकेकापाशी बसून राहतोय. तुमची गाडी जाईल, बघा."

फाट्यावर एसटीनं हॉर्न दिला.

"जाऊ दे," मी म्हणाले.